विरोधकाच्या मातीला

१५ ऑगस्ट २०१२. सकाळी झेंडावंदन झालं, मेसमध्ये बुंदी वाटून झाली आणि दुपारी होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. एरवी त्या खोलीत रिमोटवरून मारामाऱ्या व्हायच्या. त्या दिवशी मात्र चॅनल बदला असं कुणीच म्हणेना. आदल्या दिवशी चेन्नईच्या दवाखान्यात विलासराव देशमुख गेले होते आणि बाभळगावहून अंत्यसंस्कार दाखवत होते. लातूरकडची पोरं पुढच्या रांगेत गप्प बसलेली. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या. मग त्या गर्दीत गोपीनाथ मुंडे दिसले. तेवढ्यात मागून एक आवाज आला, "काय नाटक करायलेत बे! जिवंत होता तवर सरकार पाडायला निघाले, अन् मेल्यावर पुढच्या रांगेत."

झालं! परळीकडचा एक जण उठला, लातूरकडचे दोघे उठले. गंमत म्हणजे ते तिघंही त्या बोलणाऱ्यावरच तुटून पडले. एरवी या दोन गटांचं एकमेकांशी कधी पटलं नव्हतं. वॉचमन मामांनी येऊन टीव्ही बंद केला तेव्हा कुठे प्रकरण थंडावलं.

मित्रहो, तो मागून बोलणारा मीच होतो. आज त्याच होस्टेलचा सहायक रेक्टर म्हणून तुमच्या रजेच्या अर्जांवर सह्या करतो. त्या दिवशी माझं काय चुकलं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. नीट सगळं कळलंय असं अजूनही म्हणवत नाही. पण विषय मनात आहे आणि संपादक मंडळाने पानं दिली आहेत, म्हणून लिहितो.

आधी माझी त्या वेळची बाजू मांडतो, कारण ती आजही तुमच्यापैकी पुष्कळांची आहे. आपल्याकडे नेत्याचं मौतीला जाणं हे आता एक खातंच झालं आहे. पेपरात 'सांत्वनपर भेट' अशी चौकट असते. फोटोत नेता सोफ्यावर, समोर घरातली म्हातारी, मागे दहा कार्यकर्ते कॅमेऱ्यात बघत उभे. चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं फ्लेक्स लागतं, त्यात गेलेल्या माणसाच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्याचा फोटो मोठा! कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी गाड्यांचे ताफे येतात, धुरळा उडतो, ताफे जातात. हे सगळं आपण लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे 'नाटक' हा शब्द आपल्या तोंडात तयारच असतो.

पण मुंडे बाभळगावला गेले ते या खात्यात बसतं का? विलासराव आणि मुंडे यांची ओळख पुण्यात कायदा शिकण्याच्या दिवसांपासूनची. एक काँग्रेसचा, दुसरा संघाच्या मुशीतला. एक लातूरचा, दुसरा परळीचा. विलासराव १९९९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा मुंडे सत्तेतून विरोधी बाकांवर गेले होते. जून २००२ मध्ये शिवसेना-भाजपने विलासरावांचं सरकार पाडायचा चंग बांधला. आमदारांची पळवापळवी झाली आणि शेवटी विश्वासदर्शक ठराव जिंकून विलासराव वाचले. मी 'सरकार पाडायला निघाले' म्हणालो ते खोटं नव्हतं. चूक होती ती मी त्यातून काढलेल्या निष्कर्षात. मला वाटायचं की माणूस एक तर सरकार पाडायला खरा असेल, नाहीतर दोस्तीला खरा असेल. दोन्ही खरं असणं शक्यच नाही. सेमिस्टरला असतो तसा प्रश्न, दोनपैकी एका पर्यायावर टिक!

आणि मुंडेंना बाभळगावला जाऊन मिळणार काय होतं? लातूरच्या काँग्रेसवाल्यांची मतं? ती त्यांना मिळणार नव्हती. उलट आपल्याच कार्यकर्त्यांनी 'साहेबांचं आतून काहीतरी आहे' म्हणायची भीती. ते त्या वेळी लोकसभेत भाजपचे उपनेते होते, दिल्लीहून दोन ओळींचं पत्रक काढून भागलं असतं. नाटकाला निदान तिकीट तरी खपावं लागतं.

दोनच वर्षांनी, ३ जून २०१४ ला, मुंडे दिल्लीत अपघातात गेले. केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला होता. ४ तारखेला परळीत अंत्यसंस्कार झाले. तिथे काय झालं ते आपल्या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. लोक दुःखाने आणि संशयाने वेडे झाले होते. सीबीआय चौकशीच्या घोषणा झाल्या, दगड आले, नेत्यांच्या गाड्या अडवल्या गेल्या. त्यात स्वपक्षाचेही सुटले नाहीत. पंकजा मुंडेंनी बापाला अग्नी दिला आणि लोकांना शांत राहा म्हणून विनवायचं कामही त्यांच्यावरच आलं. म्हणजे दुसऱ्याच्या मातीला जाणं हे नेहमी सोफ्यावर बसून फोटो काढण्याइतकं सोपं नसतं. ज्या गर्दीपुढे तुम्ही जाता ती तुमची नसते. ती तुम्हाला कसं घेईल हे जाईपर्यंत कळत नाही.

या बाबतीत सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याला शाळेत शिकवलं गेलं, पण अशा गुळगुळीत पद्धतीने की त्यातला काटाच निघून गेला. गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री पुण्यात वारले. वय अवघं ४८. टिळक सिंहगडावर होते, ते खाली उतरून आले आणि स्मशानात बोलले. गोखल्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा म्हटलं, हे आपल्याला पाठ आहे. पण हे दोघे भांडत कसे होते? १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली ती याच दोन बाजूंत, आणि तीही खुर्च्या-जोड्यांची फेकाफेक होऊन. टिळक सहा वर्षं मंडालेला काढून १९१४ ला सुटले, तेव्हा जहालांना काँग्रेसमध्ये परत घ्यायचं की नाही यावर पुन्हा वाद पेटला. गोखल्यांच्या एका पत्रावरून तर दोघांत जाहीर वाजलं होतं. आणि ते जुनं प्रकरण नव्हतं, गोखले गेले तेव्हाही धगधगत होतं. अशा वेळी टिळक गड उतरले.

स्मशानात जमलेल्यांत टिळकांना मानणारे पुष्कळ होते. टिळक बोलायला उभे राहताच टाळ्या पडल्या, तेव्हा ही वेळ टाळ्यांची नाही म्हणून त्यांनी लोकांना गप्प केलं. मला या सगळ्या प्रसंगात हिऱ्याच्या उपमेपेक्षा हेच मोलाचं वाटतं. हिरा म्हणणं हे गेलेल्या माणसासाठी होतं. टाळ्या थांबवणं हे जिवंत अनुयायांसाठी होतं आणि ते जास्त अवघड. आपला नेता विरोधकाच्या चितेपाशी आला याचाही आपल्याला विजय वाटायला लागतो, इतके आपण बिघडलेलो असतो!

आणि पुढे? टिळक मवाळ झाले का? बिलकुल नाही. १९१६ ला ते काँग्रेसमध्ये परतले ते आपली मतं घेऊनच. गोखल्यांच्या राजकारणाबद्दल त्यांचं जे म्हणणं होतं ते स्मशानात जाऊन आल्याने बदललं नाही, आणि बदलायला हवं होतं असंही नाही. अजून एक उदाहरण धावतं सांगतो. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेब आंबेडकर १९५१ ला नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९५२ ला काँग्रेसने त्यांना मुंबईत लोकसभेला पाडलं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले तेव्हा नेहरू अलिपूर रोडच्या घरी आले. लोकसभेत बोलताना त्यांनी बाबासाहेबांना बंडाचं प्रतीक म्हटलं, म्हणजे ज्या गोष्टीची अडचण झाली होती तिचंच नाव घेतलं. 'आमचे फार सख्य होते' अशी थाप मारली नाही.

आता आपल्याकडचं बघा. निलंग्यात २००४ ला काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर उभे होते आणि त्यांना पाडलं भाजपच्या तिकिटावर उभ्या असलेल्या त्यांच्याच नातवाने, संभाजीरावांनी. २००९ ला आजोबा पुन्हा आमदार! २०२० च्या ऑगस्टमध्ये शिवाजीराव गेले. तिथे विरोधक म्हणून मातीला यायचं कुणी आणि घरचा म्हणून खांदा द्यायचा कुणी? चाकूरकरांचंही तसंच. शिवराज पाटील हयातभर काँग्रेसचे. सूनबाई २०२४ ला भाजपात गेल्या आणि लातूर शहरातून विलासरावांच्या मुलाविरुद्ध लढून हरल्या. १२ डिसेंबर २०२५ ला चाकूरकर लातुरात वारले. एकाच घरात दोन झेंडे असतात. तुम्ही-आम्ही मात्र त्या झेंड्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप सोडतो, रूम पार्टनर बदलून मागतो. रूम बदलाचे अर्ज माझ्याकडेच येतात, म्हणून म्हणतो!

नांदेडचं उदाहरण वेगळं आहे आणि मला ते बरं वाटतं. नायगावचे वसंतराव चव्हाण जून २०२४ ला काँग्रेसचे खासदार झाले आणि २६ ऑगस्टला हैदराबादच्या दवाखान्यात गेले. नोव्हेंबरमध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने त्यांच्या मुलाला, रवींद्र चव्हाणांना उभं केलं आणि भाजपने ती सीट सोडून दिली नाही, सगळा जोर लावला. मुलगा निवडून आला तो १,४५७ मतांनी. लोकसभेला एवढंसं अंतर! काही जण तेव्हा म्हणाले की दुःखातल्या घराविरुद्ध उमेदवार द्यायला नको होता. मला तसं वाटत नाही. दुःख घरात असतं, खासदारकी घरची नसते. हार घालून आल्यावर लढायचं असेल तर खुशाल लढावं. उलट न लढता सीट सोडून देणं आणि मनात गाठ ठेवणं, यात कसला आलाय मोठेपणा?

पण इथपर्यंत मी नेत्यांचंच कौतुक करत आलो. खरा घोळ पुढे आहे. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर शरद पवार होते. ज्यांच्यावर बाळासाहेबांनी आयुष्यभर तोंडसुख घेतलं, त्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला, तोही त्यांनी कधी कोणतं सरकारी पद घेतलेलं नसताना. म्हणजे वरच्या मजल्यावर सगळं रीतीप्रमाणे. आणि खाली? पालघरात एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर विचारलं की शहर बंद का ठेवायचं. दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. ज्या कलमाचा तिथे वापर झाला ते ६६ अ पुढे मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. चितेपाशी विरोधक शेजारी शेजारी उभे राहतात आणि शंभर किलोमीटरवर त्यांच्या नावाने पोरं दवाखाना फोडतात. ते वरचं शहाणपण खाली का झिरपत नाही? मला वाटतं, वरच्यांनाही ते झिरपायला नकोच असतं. ते आपसात फोन लावतात, लग्नाकार्याला जातात, मौतीला जातात. आपल्याला फक्त भाषणातलं भांडण ऐकू येतं आणि तेच आपण घरी घेऊन जातो. टिळकांनी टाळ्या थांबवल्या तसं आज कुणी थांबवत नाही, हे माझं खरं गाऱ्हाणं आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. जाणं चांगलं म्हणून येऊ देणं घरच्यांवर बंधनकारक नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यात हेमंत करकरे शहीद झाले. गुजरातचे त्या वेळचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी जाहीर केलेली एक कोटीची मदत कविता करकरे यांनी नाकारली. हल्ल्याच्या आधीचे काही आठवडे करकऱ्यांवर मालेगाव तपासावरून कसकसली टीका झाली ते घरच्यांनी सोसलं होतं. दार उघडायचं की नाही हे आतल्या माणसाने ठरवायचं. बाहेर उभ्या असलेल्याने 'मी तर मोठ्या मनाने आलो होतो' म्हणून रुसू नये.

आमच्याकडे औशाच्या बाजूला म्हातारी माणसं म्हणतात, सुखाला बोलावल्यावर जावं, दुःखाला न बोलावता. लग्नाला नाही गेलास तर अहेर पाठवून भागतं, पण मातीला नाही गेलास तर वर्षानुवर्षं लोक ध्यानात ठेवतात. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ तिरडीला दोन्हीकडून खांदा देताना मी पाहिलेत, आणि तारखेला पुन्हा वकील घेऊन उभे राहतानाही. पण आपल्या गावगाड्याचं फार कौतुकही नको. मरणाने वैर संपतं म्हणणाऱ्या आपल्याच भागात कितीतरी गावांत आजही जातवार वेगळ्या स्मशानभूमी आहेत. कुणाच्या सरणाला पक्कं शेड आणि कुणाच्या सरणाला नदीकाठचा चिखल. गेल्या दोन-तीन वर्षांत आरक्षणावरून गावागावांत जे ताणलं गेलंय त्यात हे न बोलावता जाणंही कमी व्हायला लागलंय, असं सुट्टीहून आलेली तुमच्यातलीच पोरं मला सांगतात.

आता माझ्या स्वतःबद्दल. टीव्ही रूममध्ये दुसऱ्याला नाटकी म्हणणारा मी. थर्ड इयरला गॅदरिंगच्या सेक्रेटरीपदावरून होस्टेलमध्ये दोन गट पडले. दुसऱ्या गटाच्या म्होरक्याशी माझी बोलचाल बंद. बंद म्हणजे इतकी की मेसमध्ये तो ज्या टेबलाला बसेल तिथलं पाण्याचं जगसुद्धा मी उचलत नसे. जानेवारीत पहाटे त्याला फोन आला, वडील गेले. मुखेड तालुक्यातलं गाव. पोरांनी काळी-पिवळी ठरवली, माझ्या गटातलेही चार जण चढले. एकाने माझं दार वाजवलं, "चल की." मी म्हणालो, मशीन डिझाइनचं शीट द्यायचंय उद्या. शीट खरंच द्यायचं होतं. पण दोन दिवस उशिरा दिलं असतं तर चाललं असतं हे मलाही माहीत होतं आणि दार वाजवणाऱ्यालाही. गाडी गेली. मी खिडकी लावून घेतली आणि दुपारपर्यंत गिअरचे दात मोजत बसलो.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात माझी आजी गेली. मी गावाकडे होतो, होस्टेलात फारसं कुणाला कळवलंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तर ओट्यावर, माणसांच्या मागे, भिंतीला टेकून तो उभा. रात्रीची एसटी धरून आला होता. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आबांपाशी जाऊन बसला, त्यांनी विचारलं, कुणाचा रे तू? तर म्हणाला, "कॉलेजातला हाय. संगं शिकतो." चहा घेतला आणि बाराच्या गाडीने गेला. परत आल्यावर आमची दोस्ती झाली वगैरे काही नाही. सेक्रेटरीपद त्याच्याच गटाकडे राहिलं, भांडणं शेवटच्या सेमिस्टरपर्यंत चालली. फक्त पाण्याचं जग मी उचलायला लागलो.

त्याने काय केलं आणि मी काय केलं नाही, हे मला बाभळगावच्या त्या दृश्याशी जोडायला फार उशीर लागला. मुंडेंना जाताना किमान गाडी होती, माणसं होती, ओळख होती. याच्याकडे एसटीचं तिकीट होतं, आणि समोर मी.

मागच्या महिन्यात सेकंड इयरची दोन पोरं माझ्यासमोर शिस्तभंगाच्या चौकशीला उभी होती. जयंतीच्या बॅनरवरून झटापट, एकाचा चष्मा फुटला. दोघांनाही लेखी ताकीद दिली, पालकांना फोन केला. आठवड्याने त्यातल्या चष्मेवाल्याच्या घरी वाईट झालं, चुलते गेले. तो रात्रीच निघून गेला. सकाळी दुसरा रजेचा अर्ज घेऊन दारात.

"कशाला पायजे रजा?"

"मातीला जायचंय सर. हदगावकडं."

"कुणाच्या?"

तो खाली बघत राहिला. अर्जावर कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहून खोडलं होतं आणि पुढे काहीच लिहिलं नव्हतं. मी रकाना तसाच ठेवला, सही केली आणि हदगावची पहिली गाडी कितीला सुटते ते सांगितलं.